गोव्यातील तेलवाहिन्या आणि तेलशुद्धीकरणाचे राजकारण

गोव्यात कच्च्या तेलाची विहीर नाही आणि तेलशुद्धीकरण कारखानाही नाही. कोकण-केरळ किनाऱ्यालगतच्या समुद्रात शोधविहिरी खणल्या गेल्या, पण व्यापारी उत्पादन होईल असे काही हाती लागले नाही. पेट्रोल, डिझेल, नाफ्ता, विमानाचे इंधन हे सगळे तयार होऊनच बाहेरून येते. उत्तरेला मुंबईतील माहुलचे कारखाने आणि दक्षिणेला मंगळूरची एमआरपीएल रिफायनरी यांच्या मधल्या किनाऱ्यावर गोव्याच्या वाट्याला आली ती उतरवणी, साठवण आणि वाहतूक. त्यामुळे इथल्या तेलाच्या राजकारणात ‘तेल कोणाचे’ हा प्रश्न फारसा निघत नाही. नळी कोणाच्या जमिनीतून जाते आणि फुटली तर कोणाची पाण्याची विहीर नासते, यावर वाद होतो.

या राजकारणाचे केंद्र मुरगाव तालुका आहे. मुरगाव बंदराच्या आठ क्रमांकाच्या धक्क्यावर तेलाची आणि रसायनांची जहाजे लागतात. तिथून काही माल वास्कोतल्या टाक्यांत जातो, तर काही भूमिगत वाहिनीने चिखली-दाबोळीच्या बाजूने सांकवाळच्या साठ्याकडे. पुढचा प्रवास टँकरने. बंदर केंद्राच्या अखत्यारीत, रस्ता राज्याचा आणि विहीर पंचायतीच्या हद्दीत, अशी ही वाटणी असल्याने अपघात झाला की पहिले काही दिवस जबाबदारी कोणाची हे ठरवण्यातच जातात.

सुरुवात खतापासून झाली. झुआरी अॅग्रोचा युरियाचा कारखाना १९७३ मध्ये सांकवाळच्या पठारावर सुरू झाला. त्या वसाहतीला सरकारदरबारी झुआरीनगर म्हणत असले, तरी वास्कोच्या बसचा कंडक्टर आजही ‘बिर्ला’ म्हणूनच हाक देतो. युरियासाठी अमोनिया लागतो, आणि त्या अमोनियासाठी लागणारा नाफ्ता हा रिफायनरीचाच एक हलका पदार्थ. तो जहाजाने बंदरात यायचा आणि वाहिनीने पठारावर चढायचा. कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत तोच आर्सेनिकयुक्त सांडपाणी वेळसावच्या बाजूला समुद्रात गेले, मासे मरून किनाऱ्याला लागले आणि मच्छीमार रस्त्यावर आले. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते या आणि रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, आंदोलनांतूनच पुढे आले. मुक्तीनंतरच्या गोव्यात उद्योग आणि पर्यावरण यांची पहिली मोठी टक्कर ती हीच. पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी लोक तिचा दाखला देत आले आहेत.

वाहिनी टाकण्याचा कायदा देशभर एकच आहे: पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांसाठी जमिनीचा वापरहक्क संपादन करण्याचा १९६२ चा कायदा. भूसंपादनापेक्षा त्याची रीत वेगळी आहे. जमीन मालकाच्याच नावावर राहते, सरकार घेते तो फक्त जमिनीखालून नळी नेण्याचा हक्क. अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. एकदा हक्क गेला की त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. भातशेती, भाजीपाला मात्र चालतो. मोबदला म्हणजे पीक-झाडांची नुकसानभरपाई आणि वापरहक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के.

विदर्भातल्या दहा एकरांच्या शेतात हा हिशेब कदाचित बसत असेल. गोव्यात तो अडतो. इथे एका भाटात, म्हणजे बागायतीत, चार माड, दोन फणस, एक विहीर आणि मुंडकाराचे (मालकाच्या जमिनीत राहणाऱ्याचे) घर, एवढेच असते. मधून पट्टा गेला तर उरलेल्या तुकड्यात काय करायचे? पुन्हा मोबदला कोणाचा, हा दुसरा गुंता. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, वारस अर्धे मुंबईत आणि अर्धे पोर्तुगालात, कसणारे कूळ तिसरेच, आणि जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असली तर तिच्या सभासद गावकारांची परवानगी आणखी वेगळी. कायद्यात ‘हितसंबंधित व्यक्ती’ अशी मोघम सोय आहे. ती अमलात आणताना पैसे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, खात्यात पडतात आणि अंगणात खणलेला चर मुंडकाराच्या वाट्याला येतो, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. ग्रामसभा ठराव घेतात, वर्तमानपत्रांत बातमी येते, पण या केंद्रीय कायद्यापुढे ग्रामसभेच्या ठरावाचे बळ नैतिकच असते. खाडीकाठच्या खाजन जमिनींत आणखी एक भानगड आहे. बांध आणि मानस (पाणी अडवणारे-सोडणारे दरवाजे) यांवर तोललेल्या या शेतांत चर खणून तो नीट बुजवला नाही, तर खारे पाणी वाट काढते आणि भाताचा वाफा वाया जातो.

गळतीचे सगळ्यांत ठळक उदाहरण दाबोळीजवळच्या माटवे भागातले आहे. २०२३ च्या पावसाळ्यात तिथल्या विहिरींच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. ओहोळावर आणि शेतातल्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसू लागला. बोट दाखवले गेले ते बंदराकडून सांकवाळकडे जाणाऱ्या भूमिगत इंधनवाहिनीकडे. असे प्रकार पावसातच का उघड होतात, याचे कारण जमिनीत आहे. मुरगावचे पठार जांभ्या दगडाचे. जांभा सच्छिद्र असतो आणि त्यात भेगा फार. सांडलेले इंधन त्यातून मुरते आणि उन्हाळाभर खाली दडून राहते. पाऊस पडून भूजल वर आले की पाण्यापेक्षा हलके असलेले पेट्रोल त्यावर तरंगत पायथ्याच्या झऱ्यांत आणि विहिरींत उतरते. म्हणून गळतीची जागा एकीकडे आणि वास दुसरीकडे. नळीतला दाब, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा ताळा, गंज रोखणारी विद्युत व्यवस्था, आतून फिरवायची तपासणी-यंत्रे हे सगळे तंत्र उपलब्ध आहे. पण दाबात न दिसणारी बारीक गळती बहुतेक वेळा सगळ्यांत आधी पाणी शेंदणाऱ्या बाईच्याच लक्षात येते. विहीर उपसली तरी जांभ्यातले इंधन संपलेले नसते. टँकरच्या पाण्यावर किती महिने काढायचे, हे कोणी सांगू शकत नाही.

समुद्रावरचा गाजलेला प्रसंग ‘नु शी नलिनी’चा. क्यार चक्रीवादळाच्या दिवसांत, २४ ऑक्टोबर २०१९ रोजी, सुमारे २,५०० टन नाफ्ता असलेले हे मनुष्यविरहित जहाज भरकटले आणि दोनापावला येथे राजभवनाच्या पायथ्याशी खडकांवर रुतले. नाफ्ता चटकन उडणारा आणि ठिणगीला पेटणारा पदार्थ. तो काढून घ्यायला महिन्याहून अधिक काळ लागला. दरम्यान, खलाशी नसलेले असे जहाज बंदरात ठेवू कोणी दिले, यावर विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. राज्याने बंदराकडे पाहिले, बंदराने कागदपत्रांकडे.

दर पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर येणाऱ्या डांबरगोळ्यांचे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाच्या चिकट काळ्या गोळ्यांचे, राजकारण मात्र होत नाही, कारण त्यांना मालक नसतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांचे रासायनिक ठसे तपासून माग टँकरांच्या सांडणुकीकडे आणि बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे नेला आहे. पाय खोबरेल तेलाने पुसून लोक घरी जातात.

‘आमचे तेल आमच्याच भूमीत शुद्ध करा’ ही मागणी देशात सर्वांत तीव्रतेने उठली ती आसामात. तिथले कच्चे तेल बिहारमधील बरौनीला नेण्याच्या योजनेविरुद्ध १९५०च्या दशकात आंदोलन झाले. त्याचे फळ म्हणजे वर्षाला साडेसात लाख टन क्षमतेची, १ जानेवारी १९६२ रोजी सुरू झालेली गुवाहाटीची नूनमाटी रिफायनरी. पुढे परदेशी नागरिकांविरुद्धच्या आंदोलनात ‘रक्त देऊ, तेल देणार नाही’ अशी घोषणा झाली आणि १९८५ च्या आसाम करारात आणखी एका रिफायनरीचे वचन आले. तीच नुमालीगड. तिथे तेल घरचे होते. रिफायनरी म्हणजे नोकऱ्या, महसूल आणि मान असे लोकांनी मानले.

गोव्यात ही मागणी कधी उभीच राहिली नाही, आणि त्यात नवल नाही. रिफायनरी फायद्यात चालायला आकार लागतो. शेजारच्या महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात, नाणारसाठी वर्षाला ६ कोटी टनांच्या प्रकल्पाची आखणी होती आणि त्याला सुमारे १५ हजार एकर, म्हणजे साठेक चौरस किलोमीटर जमीन हवी होती. आख्खा मुरगाव तालुकाच सुमारे १०९ चौरस किलोमीटरचा. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, प्रकल्प बारसू-सोलगावकडे सरकला, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माती परीक्षणावेळी ग्रामस्थ व पोलीस समोरासमोर आले. बारसूच्या सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, कातळशिल्पेही त्या वादात ओढली गेली. आंबा, काजू, मासळी आणि सडा यांवर जगणाऱ्या माणसांचे म्हणणे गोव्याच्या पेडण्यातल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

गोव्यानेही पेट्रोरसायनांना एकदा परतवले आहे. फोंडा तालुक्यातील केरीच्या भूतखांब पठारावर थापर-ड्यूपॉन्टचा नायलॉन ६,६ प्रकल्प येणार होता. जानेवारी १९९५ मध्ये पोलीस गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मृत्युमुखी पडला. त्यानंतर प्रकल्प तमिळनाडूत गेला.

विरोधाच्या या परंपरेत एक पोकळीही आहे. नळी नको म्हटले की टँकर वाढतात, आणि टँकर सुरक्षित नाहीत हे जानेवारी २०१८ मध्ये चिखलीत अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा मध्यरात्री घर सोडावे लागलेल्यांना ठाऊक आहे. वास्कोतल्या टाक्या हलवा म्हणणाऱ्यांना त्या आपल्या गावात नको असतात. इंधन मात्र सर्वांना हवे असते, तेही स्वस्त. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर, ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले आणि सीमेवरच्या पत्रादेवीच्या पंपांवर बांदा-सावंतवाडीच्या गाड्यांची रांग लागली. गोव्यातल्या कुठल्याही तेल-निर्णयाला इतकी निर्विवाद लोकप्रियता मिळालेली नाही. नंतर कर पुन्हा चढत गेला.

दाभोळ-बंगळूर वायुवाहिनीची गोकाककडून येणारी शाखा २०१३ च्या सुमारास गोव्यात पोचली आणि खत कारखाना नाफ्त्यावरून नैसर्गिक वायूवर गेला. हा कारखाना २०२२ मध्ये पारादीप फॉस्फेट्स या खत कंपनीच्या मालकीकडे गेला. आता घरगुती वायूच्या बारीक नळ्या शहरांतल्या गल्ल्यांत शिरत आहेत. त्यांच्याविषयीच्या तक्रारी अजून तरी खणलेला रस्ता वेळेत न बुजवल्याच्याच आहेत.