पिवळ्या केसांवर डार्क ब्राऊन लावला की हिरवा का दिसतो?

कॅम्पस मुलाखती जवळ आल्या किंवा घरात लग्न निघालं, की पुण्यातल्या पिवळ्या-सोनेरी डोक्यांना पुन्हा काळं व्हायची घाई होते. तुळशीबागेतून डार्क ब्राऊनचं खोकं आणायचं, सांगितलेला वेळ लावून ठेवायचं, की झालं. पण गॅलरीतल्या उन्हात बघावं तर केस चक्क शेवाळी! दोष बहुतेक वेळा खोक्याला दिला जातो. खरं कारण ब्लीचमध्ये असतं.

ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परसल्फेट केसाच्या गाभ्यातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला रंग देणारं द्रव्य, फोडतात. मेलॅनिन दोन जातींचं असतं: काळं-तपकिरी यूमेलॅनिन आणि तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन. पहिलं लवकर फुटतं, दुसरं चिवट. म्हणून आपले काळे केस आधी तांबडे, मग नारिंगी आणि शेवटी पिवळे होतात. आता तपकिरी म्हणजे लाल, पिवळा आणि निळा यांचं मिश्रण. इतक्या पिवळ्या झालेल्या केसात लाल जवळजवळ उरलेलाच नसतो. त्यावर निळसर झाक असलेला ॲश ब्राऊन चढवला, तर निळा आणि पिवळा मिळून हिरवाच होणार.

म्हणून जाणकार कारागीर आधी गेलेला लाल भरून काढतो. तांबूस किंवा सोनेरी-तांबूस रंगाचा हात आधी, तपकिरी नंतर. खोक्यावरचा आकडाही वाचावा. बऱ्याच कंपन्यांच्या शेडमध्ये दशांशचिन्हाआधीचा आकडा गडदपणा सांगतो (1 म्हणजे काळा, 10 म्हणजे अगदी फिका) आणि नंतरचा झाक: 1 राखी (म्हणजेच ॲश), 3 सोनेरी, 4 तांबूस. हिरव्याची भीती असेल तर .1 ला हात लावू नये.

दुसरी भानगड सच्छिद्रपणाची. केसाच्या पृष्ठभागावरचे खवले कौलांसारखे एकमेकांवर बसलेले असतात, आणि त्यांवर मेदाम्लाचा पातळ थर असतो. ब्लीचने तो थर जातो, खवले उचकटतात, आतल्या केराटिनचे, म्हणजे केसाच्या प्रथिनाचे, गंधकाचे बंधही तुटतात. असा केस ओला केला की पाणी शोषून जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. रंगही तो तसाच घटाघट पितो, त्यामुळे ठरवल्यापेक्षा काळा दिसतो. आणि धुताना तितक्याच सहज सोडतो. म्हणून हव्या शेडपेक्षा एक-दोन शेड फिकी घ्यावी, रंगात मिसळायचं पेरॉक्साइड कमी ताकदीचं वापरावं. फिका रंग गडद करणं सोपं. गडद झालेला उतरवायचा तर पुन्हा ब्लीच, आणि तेवढी ताकद त्या केसात उरलेली नसते.

मुळाशी उगवलेल्या काळ्या केसांना मात्र यातलं काहीच लागू नाही. ते धट्टेकट्टे असतात. सगळ्या डोक्याला एकच मिश्रण फासणाऱ्या पार्लरवर माझा तरी विश्वास नाही.

‘त्यापेक्षा काळी मेंदी लाव’ हा घरोघरचा सल्लाही जपूनच घ्यावा. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस-नारिंगी. मिनिटांत काळं करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी हे कलपातलंच रसायन असतं. त्याची काहींना जबर ॲलर्जी येते. तेव्हा कुठलाही काळा रंग लावण्याआधी 48 तास कानामागे ठिपका लावून बघावा.