जुनोला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहिती

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. मागे डोंगर, डोंगरांवर सुमारे 3,900 चौरस किलोमीटरचं बर्फाचं पठार आणि पुढे चिंचोळी खाडी. विमानाने जायचं, नाहीतर बोटीने. सिएटलहून विमान साधारण अडीच तासांत पोचतं. बेलिंगहॅम बंदरातून सरकारी फेरीबोटीने दोन-तीन दिवस लागतात.

क्रूझने जाणार असाल तर व्हिसा आजच तपासा. जहाज व्हँकूवरहून सुटत असेल किंवा वाटेत व्हिक्टोरियाला थांबत असेल, तर भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असणाऱ्यांना कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईवडील तिथूनच क्रूझ ठरवतात आणि नेमकं हेच राहून जातं.

पाऊस

"पावसाचं आम्हाला काय सांगता?" असं मुंबईकर हमखास विचारतात. मिलिमीटर मोजले तर ते खरंच आहे. जुनोच्या विमानतळावर वर्षाला सुमारे 1,600 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत त्याहून जास्त. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस झिरपत राहतो. आणि तो गार असतो. जुलैत दुपारी पारा जेमतेम 17-18 अंशांवर जातो, त्यामुळे भिजलेला माणूस दिवसभर कुडकुडतो. छत्री घरीच ठेवा. टोपीचं जाड रेनकोट-जाकीट, वर चढवायची रेनपँट, आत लोकरीचा थर आणि पाणी न शिरणारे बूट घ्या. जीन्स अजिबात नको, एकदा भिजली की वाळत नाही.

त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल ते जून, सर्वांत ओले सप्टेंबर-ऑक्टोबर. आम्ही मे अखेर ते जून सुचवतो. जूनमध्ये दिवस अठरा तासांचा असतो, त्यामुळे सकाळचा पाऊस थांबायची वाट पाहायलाही वेळ मिळतो.

एक दिवस मोकळा ठेवाच

आमचा आग्रह आहे तो याच गोष्टीचा. ढग खाली उतरले की हिमनदीवर जाणारी हेलिकॉप्टरं उडत नाहीत, कधी कधी विमानंही जुनोला न उतरता पुढे निघून जातात. आमच्या एका कुटुंबाने हेलिकॉप्टर शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. ते रद्द झालं आणि आजोबांची इच्छा राहून गेली. तेव्हापासून आम्ही ती फेरी पहिल्याच दिवशी ठेवतो, म्हणजे पुढचे दिवस हाताशी राहतात. जुनोहून निघाल्यावर त्याच दिवशी पुढचं आंतरराष्ट्रीय विमान आम्ही धरत नाही.

मेंडेनहॉल हिमनदी मात्र पावसातही बघा. शहरापासून ती वीसेक किलोमीटरवर आहे. दाट बर्फ उजेडातला तांबडा रंग शोषून घेतो म्हणून तो निळा दिसतो, आणि ढगाळ दिवशी ही निळाई अधिक गडद भासते. नगेट धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन तीनेक किलोमीटरची सोपी वाट आहे. माहिती केंद्र 1962 चं आहे. तेव्हा त्याच्या बऱ्याच जवळ असलेलं बर्फ आता कितीतरी मागे गेलं आहे. स्थानिक क्लिंकिट लोक पिढ्यानपिढ्या या भागात राहतात, त्यांची माणसं भेटली तर जरूर बोला. सिटी बस हिमनदीच्या दोनेक किलोमीटर अलीकडेच सोडते, म्हणून ज्येष्ठांसाठी टॅक्सी बरी.

जुलैच्या मध्यापासून जवळच्या ओढ्यात सामन मासे चढतात आणि त्यांच्यामागे काळी अस्वलं येतात. त्या वाटेवर ठेपले, चकल्या पिशवीतून बाहेर काढू नका. देवमासे ऑक बेहून सुटणाऱ्या बोटीतून दिसतात. हवाईत हिवाळा काढलेले हम्पबॅक जातीचे देवमासे उन्हाळ्यात इथे पोट भरायला येतात.

ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं : 2011 पासून हिमनदीच्या बाजूच्या खोऱ्यात साचलेलं पाणी फुटून मेंडेनहॉल नदीला पूर येऊ लागला आहे. त्या महिन्यात आम्ही नदीकाठचं हॉटेल घेत नाही.

कार्यक्रम पक्का करायच्या आधी गुडघ्यांचं दुखणं, बोट लागण्याचा त्रास, कांदा-लसूण न खाणं, जे असेल ते सांगा. चांगल्या सोयीच्या खोल्या उन्हाळ्यासाठी फार आधी भरतात, म्हणून जूनला जायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास बोलू.