जन्मठेप मिळूनही मेलेला वैमानिक : पार्श्वभूमी

१ डिसेंबर १९४३ रोजी चीनमधल्या नानजिंगच्या जपानी लष्करी तुरुंगात रॉबर्ट मेडर हा अमेरिकी वैमानिक बेरीबेरी (जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) आणि हगवणीने गेला. कागदोपत्री तो युद्धकैदी नव्हताच, शिक्षा झालेला गुन्हेगार होता. हे कसं झालं याचं उत्तर १९४२च्या ऑगस्टमध्ये आहे. त्याआधीचा अमेरिकेचा टोकियोवरचा हल्ला (डूलिटल हल्ला), विमानवाहू जहाजावरून उडालेली सोळा बी-२५ बॉम्बफेकी विमानं, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

तो सहाव्या विमानाचा सहवैमानिक. विमान चीनच्या झेजियांग किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. पाचांतले दोघे बुडाले, तिघे जपान्यांच्या हाती लागले. सोळाव्या विमानाचे पाचही पकडले गेले. असे आठ. टोकियोत लष्करी पोलिसांनी त्यांचा छळ केला आणि जपानीत लिहिलेल्या जबान्यांवर सह्या घेतल्या. त्यांत काय लिहिलंय, हे सही करणाऱ्यांना वाचताही येत नव्हतं.

पेच पुढेच होता. यांना मारायचं तर कुठल्या कायद्याने? युद्धकैद्यांना संरक्षण देणाऱ्या १९२९च्या जिनिव्हा करारावर जपानची सही होती, मंजुरी नव्हती. जपानचे लष्करप्रमुख आठही जणांच्या देहदंडावर अडून बसले होते. पंतप्रधान कचरत होते, ते दयेपोटी नव्हे. अमेरिकेच्या हाती असलेल्या जपान्यांवर सूड उगवला जाईल, ही धास्ती होती. अखेर १३ ऑगस्टला चीनमधल्या जपानी सैन्याने शत्रूच्या वैमानिकांसाठी खास लष्करी कायदा काढला. नागरिकांवर हल्ला केल्यास देहदंड, सवलत दिलीच तर जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं कैद. आणि जाता जाता एक कलम : कायदा होण्याआधीच्या कृत्यांनाही तो लागू. हल्ला १८ एप्रिलचा, कायदा ऑगस्टचा, खटला २८ ऑगस्टला! आधी माणसं पकडली, मग त्यांच्या मापाचा गुन्हा शिवला.

हल्ल्यात सुमारे पन्नास जपानी मेले, त्यांत एक शाळकरी मुलगाही होता, हे खरंच आहे. पण कुणाच्या माऱ्यात कोण गेलं, हे पाहण्याच्या भानगडीत शांघायचं ते न्यायालय पडलंच नाही. आरोपींना वकील नव्हता. एक जण हगवणीने इतका खंगलेला, की त्याला स्ट्रेचरवरून आणावं लागलं. खटला तासाभरातच उरकला. आठही जणांना देहदंड झाला, त्यातल्या पाचांना टोकियोहून जन्मठेपेची सवलत आली. १५ ऑक्टोबरला उरलेल्या तिघांना शांघायच्या एका दफनभूमीत गोळ्या घातल्या.

आपला सहवैमानिक सवलत मिळालेल्या पाचांतला. पण जन्मठेप म्हणजे युद्धकैद्याची वागणूक नाही, एकांतकोठडी आणि अर्धपोटी जेवण. एप्रिल १९४३मध्ये त्यांना नानजिंगला हलवलं आणि डिसेंबर उजाडताच तो संपला. माझ्या मते ही सवलत म्हणजे हप्त्याहप्त्याने दिलेला देहदंडच होता. तो गेल्यावर मात्र वरिष्ठांचे डोळे उघडले. उरलेल्या चौघांचं जेवण सुधारलं, वाचायला बायबल मिळालं. तेवढ्यावर ते चौघे ऑगस्ट १९४५पर्यंत तगले.

१९४६ साली शांघायमध्येच अमेरिकी लष्करी आयोगापुढे चार जपानी अधिकारी उभे राहिले : एक सेनापती, त्या खटल्यात न्यायाधीश म्हणून बसलेले दोघे आणि तुरुंगाचा प्रमुख. तिघांना पाच वर्षं, एकाला नऊ. कायदा आणि हुकूम वरून आले होते, म्हणून शिक्षा सौम्य. ज्या लष्करप्रमुखांनी देहदंडाचा आग्रह धरला, त्यांनी तोवर स्वतःला गोळी घालून घेतली होती.

तोवर त्या कायद्याची वाटही बरीच रुळली होती. बी-२९ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक जपानमध्ये पकडले जाऊ लागल्यावर अनेकांना खटल्याचा देखावाही न करता मारलं गेलं. जपानमधल्या फुकुओकात १९४५ साली विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आठ जिवंत कैद्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग करून त्यांना मारलं. त्या प्रकरणी १९४८ साली पाच जणांना फाशी सुनावली गेली, पण एकही अमलात आली नाही.