अँजिओग्राफीत अडथळा नाही, तरीही हृदयविकाराचा झटका

छातीत कळ येते, ईसीजी बदलतो, रक्तातील ट्रोपोनिन हे प्रथिन वाढते, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची सगळी लक्षणे हजर असतात. पण अँजिओग्राफीत मोठा अडथळा सापडत नाही. हृदयविकाराच्या झटक्याच्या सुमारे 5 ते 10 टक्के रुग्णांत असे घडते. अशा वेळी ‘रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत’ एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे असते, कारण अँजिओग्राफी फक्त त्या क्षणाची स्थिती दाखवते.

रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू अचानक आवळला गेला, तर चरबीचा थर नसतानाही प्रवाह थांबू शकतो. 1959 साली मायरन प्रिंझमेटल या अमेरिकी डॉक्टरांनी श्रमाने नव्हे, तर विश्रांतीत उद्भवणाऱ्या छातीदुखीचे वर्णन केले. ती बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे येते. या आकुंचनाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र दारूगोळ्याच्या कारखान्यांतून आला. नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक द्रव्य हाताळणाऱ्या कामगारांच्या शरीरात ते त्वचेतून आणि श्वासातून शिरत असे व त्यांच्या रक्तवाहिन्या आठवडाभर सैल ठेवत असे. सुटीत हा पुरवठा तुटला की वाहिन्या उलट आवळल्या जात आणि काहींना नेमके सुटीच्या दिवशीच दुखू लागे. 1972 साली अशा अमेरिकी कामगारांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांची अँजिओग्राफी झाली, त्यांच्यात अडथळा आढळला नाही. त्यांतल्या एका रुग्णाच्या बाबतीत तर तपासणी चालू असतानाच रक्तवाहिनी आवळली आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देताच मोकळी झाली. ज्या पदार्थाच्या अभावाने दुखणे उद्भवले, तेच त्यावरचे औषध ठरले!

हेच आकुंचन गंभीर ॲलर्जीतही होऊ शकते. मधमाशीच्या दंशानंतर आलेल्या झटक्यांची नोंद आहे. कारण वेगळे असले तरी परिणाम सारखाच दिसतो. बाळंतपणानंतरच्या काळात काही तरुण स्त्रियांत रक्तवाहिनीचे अस्तर आपोआप चिरते, आणि भिंतीत साठलेल्या रक्ताच्या दाबाने मार्ग अरुंद होतो. साध्या अँजिओग्राफीत ही चीर निसटू शकते.

कारण शोधण्यासाठी हृदयाचा एमआरआय उपयोगी पडतो, तर आकुंचनाची शंका असल्यास अनुभवी केंद्रात ॲसिटिलकोलीन हे द्रव्य देऊन रक्तवाहिनीची प्रतिक्रिया पाहतात. ही खटपट व्यर्थ नसते: आकुंचनावर रक्तवाहिन्या सैल करणारी कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातील औषधे गुणकारी ठरतात, धूम्रपान सोडणे आवश्यक असते, आणि झटक्यानंतर नेहमी दिले जाणारे, हृदयाचा वेग कमी करणारे बीटा ब्लॉकर मात्र काही रुग्णांत आकुंचन वाढवू शकतात.