डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा नक्की कोणाचा?

परवा एका मित्राने वेबसाईट नव्या सर्व्हरवर हलवली, तरी जुनीच दिसत राहिली म्हणून त्याने विचारलं तर उत्तर आलं, "डीएनएस पसरतंय, ४८ तास थांबा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच बसलो. डीएनएस म्हणजे वेबसाईटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता, म्हणजे आयपी, सांगणारी यंत्रणा. पत्ता बदलला की तो आपोआप जगभर पसरत वगैरे नाही, ज्याच्या-त्याच्याकडचं जुनं उत्तर शिळं होतं आणि मग तो नवीन विचारायला येतो, एवढंच घडतं. आणि हे शिळं होणं मला अख्ख्या इंटरनेटमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

आधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये असायचे, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. मशिनं वाढली तसं ते झेपेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएस मांडलं: नावाचा पत्ता त्या डोमेनचा अधिकृत सर्व्हर सांगणार, आणि मधले सर्व्हर ते उत्तर काही काळ स्वतःकडे ठेवणार. किती काळ? ते उत्तरावरच सेकंदांत लिहिलेलं असतं, दुधाच्या पिशवीवर तारीख असते तसं. त्याला टीटीएल म्हणतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. लिनक्सवर टर्मिनल उघडून एखाद्या नावावर डिग ही कमांड चालवा. नावाशेजारी एक आकडा येतो, समजा ३००. बारा सेकंदांनी परत चालवा, २८८. अजून थोड्या वेळाने, २७१. कुठल्यातरी सर्व्हरच्या फ्रीजमधलं उत्तर तुमच्यासमोर शिळं होतंय! शून्याला टेकलं की तो अधिकृत सर्व्हरला परत विचारतो आणि आकडा पुन्हा ३००. (मोठ्या पब्लिक सर्व्हरांमागे बरीच मशिनं असतात, त्यामुळे तिथे आकडा मधेच उड्या मारतो.) "असं नावच नाही" हे उत्तरसुद्धा असंच साठवलं जातं, म्हणून नवीन नाव तयार करण्याआधीच घाईने तपासलं तर ते "नाही" काही वेळ चिकटून बसतं.

४८ तासांचा आकडा अगदी हवेतला नाही म्हणा. डॉट कॉमच्या सर्व्हरांकडे "हे डोमेन कोण सांभाळतो" ही नोंद १,७२,८०० सेकंदांची असते, म्हणजे बरोबर दोन दिवस. पण ती फक्त नेमसर्व्हर, म्हणजे तो अधिकृत सर्व्हरच, बदलला तर आड येते. नुसता आयपी बदलत असाल तर आदल्या दिवशीच टीटीएल ६० करून ठेवा, काम मिनिटाभरात होतं.

आता माझ्या गावाकडची गोष्ट. जुन्नर तालुक्यात आमच्या घरी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा कॉम्प्युटर आहे, तो विहिरीची पातळी आणि थ्री फेज लाईट आली का ते नोंदवतो, आणि मी पुण्यातून बघतो. लाईट गेली की राउटर बंद, परत चालू झाला की बहुतेक वेळा नवीन आयपी. म्हणून डायनॅमिक डीएनएस: पायवरचा छोटा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी स्वतःचा बाहेरचा पत्ता बघतो आणि बदलला असेल तर अधिकृत सर्व्हरला कळवतो. पाच मिनिटं ती आणि पाच मिनिटं टीटीएल, म्हणजे वाईटात वाईट दहा मिनिटं मी चुकीच्या पत्त्यावर.

त्या दहा मिनिटांत काय होऊ शकतं हे मला एका रात्री कळलं. माझा डॅशबोर्ड तेव्हा पायला फक्त पिंग करायचा, म्हणजे "आहेस का?" विचारायचा, आणि उत्तर आलं की हिरवा दिवा दाखवायचा. त्यावर सगळं हिरवं, पण लॉगिन करायला गेलो तर एसएसएचने (दूरच्या मशिनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्रॅम) मोठ्ठी चौकट दाखवली, समोरच्या मशिनची ओळख बदलली आहे, आणि आत सोडेना. घामच फुटला, वाटलं कोणीतरी घुसलं. आप्पांना फोन लावला.

"आप्पा, लाईट गेली होती का?"

"हां, आत्ताच आली. का रे?"

मग डोक्यात उजेड पडला. आमचा जुना आयपी तोवर दुसऱ्या कुणाला दिला गेला होता, आणि माझ्या पिंगला त्या अनोळखी घरातला राउटर उत्तर देत होता. हिरवा दिवा त्याचा होता! एसएसएच मशिनची चावी ओळखून ठेवतं म्हणून वाचलो, समोरच्याची ओळख न तपासणाऱ्या साध्या एचटीटीपीवर असतो तर पासवर्ड त्या घरी पोचला असता.

पिंग फक्त "इथे कुणीतरी आहे" एवढंच सांगतो. आता मी दोन गोष्टी लावल्यात. अपटाइम कुमा हा पहारा ठेवणारा प्रोग्रॅम एचटीटीपीएसने (सुरक्षित वेब जोडणीने) जाऊन सर्टिफिकेट, म्हणजे समोरच्याचं ओळखपत्र, आणि पानावरचा एक ठराविक शब्द तपासतो. आणि उलट्या दिशेने पाय स्वतः दर मिनिटाला "मी आहे" असं कळवतो, ते थांबलं की अलार्म. हा डॅशबोर्ड घरात ठेवायचा नाही, बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायचा, नाहीतर लाईट गेली की पहारेकरीही झोपतो. हे पन्नास ओळींचं काम आहे, त्यासाठी महागडं "एआय मॉनिटरिंग" घ्यायची गरज नाही. आणि सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधलेली मी स्वतः पाहिलीय, त्या पैशात युपीएसच्या बॅटरीकडे बघा, राउटर बंदच पडला नाही तर आयपीही सहसा बदलत नाही.

एक अडचण मात्र डायनॅमिक डीएनएसने सुटत नाही. राउटरच्या वॅन (म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या) पानावर पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही एकच पब्लिक आयपी अनेक घरांबरोबर वाटून घेताय, बाहेरून सरळ आत येताच येत नाही. आमच्याकडे यंदा तेच झालं. मग पायवरून बाहेरच्या सर्व्हरकडे वायरगार्डचा बोगदा, म्हणजे दोन मशिनांमधली खाजगी कुलूपबंद वाट, काढला. सुरुवात घरातून होते, दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट बाहेर जातं, तेवढ्याने वाट उघडी राहते, आयपी कितीही बदलो. काल रात्री लाईट दोनदा गेली, दिवा दोनदा लाल होऊन परत हिरवा झाला आणि शेजारी विहिरीची पातळी पण आली.