हसू-पारख (संगणकीय दृष्टी)

हसू-पारख : चेहऱ्यावरचे हसू आपोआप उमटले आहे की ठरवून आणले आहे, हे चित्रफितीवरून संगणकाने ओळखण्याची पद्धत. चित्रे पाहून त्यांतले काय ते ओळखायला संगणकाला शिकवणाऱ्या संगणकीय दृष्टी या शाखेतला हा छोटा पण अवघड विषय आहे.

तोंडदेखले हसू आणि खुदकन फुटलेले हसू यांतला भेद मराठीला जुनाच आहे. त्याचा शारीरिक आधार फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ साली मांडला. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेने चाळवून ते या निष्कर्षाला आले की ओठांचे कोपरे ओढणारा स्नायू माणसाच्या इच्छेने हलतो, डोळ्याभोवतीचा मात्र खऱ्या आनंदातच आकसतो. पुढे १९७८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. त्यात ६ म्हणजे गाल वर चढणे आणि १२ म्हणजे ओठांचे कोपरे ओढले जाणे. दोन्ही एकत्र दिसले की हसू खरे, असा ठोकताळा रूढ झाला. तो पुरेसा नाही. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या पुष्कळांना हुकमी आणता येतात.

म्हणून आता हसण्याच्या आकाराइतकेच त्याच्या चालीकडेही पाहतात. ओठ, गाल आणि पापण्या यांवरचे बिंदू चित्रफितीच्या दर चौकटीत (फ्रेममध्ये) टिपून हसू किती वेगाने चढले, किती टिकले, कसे ओसरले हे मोजले जाते. दादरच्या एखाद्या स्टुडिओत ‘हसा’ म्हटल्यावर बटण दाबायला उशीर झाला की ओठ ताणलेलेच राहतात. ‘झालं’ म्हणताच जे हसू येते त्याची चाल निराळी असते. अशा चाली शिकवायला खूप नमुने लागतात. २०१२ च्या यूव्हीए-निमो संग्रहात ४०० जणांच्या १,२४० चित्रफिती आहेत, पण त्या ॲमस्टरडॅमच्या विज्ञान केंद्रात घेतलेल्या. मुंबईच्या लोकलमधले चेहरे, वये आणि रीतीभाती त्यात कितपत आल्या असतील, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात संशोधक एहसान होक यांनी केला. वैतागाचा अभिनय करा म्हटल्यावर बहुतेक जण हसले नाहीत. मग त्यांना एक लांबलचक ऑनलाइन फॉर्म दिला. तो भरून पाठवताच कोरा होई, आणि तेव्हा बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू आले! ते झटकन येई आणि झटकन विरे. आनंदाचे हसू सावकाश चढे. वैतागातल्या त्या झटपट हसण्यालाच मराठीत कसनुसे हसू म्हणतात. ते बनावट नसते, आनंदाचेही नसते. खरे-खोटे असे दोनच कप्पे करणाऱ्या प्रणालीत त्याला जागाच नाही, आणि हा तिचा मोठा दोष आहे.

मुंबईत हॉटेलांचे स्वागतकक्ष, बँकांची काउंटरे अशा ठिकाणी हसतमुख राहणे हा कामाचाच भाग असतो. विरारहून उभ्याने आलेली मुलगी सकाळी ग्राहकाकडे पाहून हसते, ते सौजन्य असते. कॅमेऱ्याने त्यावर ‘खोटे’ असा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल, कारण कॅमेऱ्याला स्नायू दिसतात, मन दिसत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींना मनाई केली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली आहेत.