एकसष्टाव्या वर्षी ‘नवोदित’

१९४१ साली ‘द माल्टीज फाल्कन’ या हॉलिवूडच्या रहस्यपटाचं चित्रीकरण सुरू होतं. त्या सेटवर एक नवा नट आयुष्यात पहिल्यांदाच सिनेमाच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा होता. वय ६१, वजन १३० किलोच्या आसपास, आणि छातीत धडधड. मेरी अ‍ॅस्टर ही त्या चित्रपटाची नायिका. तिनं पुढे आपल्या आठवणींत लिहिलंय की या गृहस्थानं तिला हात धरायला सांगितलं होतं आणि माझी फजिती होणार नाही असं सांग, म्हणून विनवलं होतं. कॅमेरा सुरू झाल्यावर मात्र पडद्यावर दिसला तो कॅस्पर गटमन: पोट पुढे काढून खुर्चीत ऐसपैस बसलेला, आदबीनं गोड गोड बोलणारा आणि बोलता बोलता समोरच्याच्या पेल्यात गुंगीचं औषध घालणारा लबाड म्हातारा. या पहिल्याच भूमिकेसाठी सिडनी ग्रीनस्ट्रीटला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार डोनाल्ड क्रिस्पला गेला, पण आज गटमनच जास्त लोकांना आठवतो.

ही गोष्ट सहसा चमत्कार म्हणून सांगितली जाते. म्हातारपणी नशीब उघडलं वगैरे. मला ते पटत नाही. त्या दिवशी सेटवर आलेला माणूस सिनेमात नवा होता, अभिनयात नव्हे. रंगमंचावर त्याची ३९ वर्षं झालेली होती.

जन्म २७ डिसेंबर १८७९ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या सँडविच या जुन्या गावातला. वडील चामड्याचे व्यापारी, घरात आठ भावंडं. अशा घरातल्या मुलांनी नशीब काढायला साम्राज्याच्या एखाद्या कोपऱ्यात जायचं, ही तेव्हाची रीत. सिलोनमध्ये तांबेरा रोगानं कॉफीचे मळे साफ बसले होते आणि त्या जागी चहा आला होता. चहाला माणसं हवी होती. सिडनीही अठरा-एकोणीस वर्षांचा असताना चहाच्या मळ्यावर गेला. पण दुष्काळ पडला आणि स्वारी इंग्लंडला परतली. मग बिअरच्या एका कारखान्यात व्यवस्थापकी केली. संध्याकाळी करमेना म्हणून बेन ग्रीट यांच्या अभिनयवर्गाला जाऊ लागला. तिथून पुढे चहाही सुटला आणि बिअरही. (प्यायची नव्हे, बनवायची.)

बेन ग्रीट हे नाव आता विस्मरणात गेलंय, पण इथे त्यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. शेक्सपिअरची नाटकं बागेत, हिरवळीवर, झाडांच्या सावलीत करणारी त्यांची फिरती मंडळी इंग्लंडभर हिंडायची. अवजड नेपथ्य नाही, झगमगाट नाही. उघड्यावर, वाऱ्यात, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे एवढीच अट. आवाज कसा फेकायचा, वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा हे अशा ठिकाणी शिकायला मिळतं, कारण चुकलं तर प्रेक्षक सरळ उठून जातो. ग्रीनस्ट्रीटनं १९०२ मध्ये रॅम्सगेट इथं शेरलॉक होम्सच्या नाटकात खुन्याची भूमिका करून सुरुवात केली. म्हणजे पहिली भूमिकाही खलपुरुषाचीच! मग ग्रीट यांच्या मंडळींबरोबर तो अमेरिकेला गेला. १९०५ मध्ये न्यू यॉर्कला ‘एव्हरीमन’ या मध्ययुगीन नीतिनाटकात उभा राहिला आणि पुढचं सगळं आयुष्य अमेरिकेतच काढलं. इंग्रजी उच्चार तेवढे तिकडून आणलेले, ते त्यानं शेवटपर्यंत जपले.

पुढची तीस वर्षं म्हणजे पडेल ते काम. शेक्सपिअरचे विदूषक आणि दारुडे सरदार केले, संगीत नाटकं केली, प्रहसनं केली. १९३३ मध्ये ‘रॉबर्टा’ हे जेरोम कर्नचं संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं, त्यातही तो होता. गंमत म्हणजे पुढे गाजलेला बॉब होप त्याच नाटकात होता. ग्रीनस्ट्रीटच्या नावावर नाटक चालत नसे, पण तो असला की नाटक पडत नसे. हिंदी सिनेमाच्या सवयीनं आपण ज्याला ‘चरित्र अभिनेता’ म्हणतो तो हाच. जाहिरातीत त्याचं नाव चौथं-पाचवं, आणि तालमीला मात्र सगळ्यात आधी हजर.

त्याला खरी धार आली ती लंट दांपत्याबरोबर. आल्फ्रेड लंट आणि लिन फॉन्टॅन ही तेव्हाच्या अमेरिकन रंगभूमीवरची सगळ्यात मानाची जोडी. दोघं घरीसुद्धा तालीम करत. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू करायचं, तरी दोन्ही वाक्यं प्रेक्षकाला स्पष्ट ऐकू गेली पाहिजेत, ही त्यांची खासियत. १९३५ चं ‘द टेमिंग ऑफ द श्रू’, १९३६ चं ‘इडियट्स डिलाइट’, मग ‘अँफिट्रियन ३८’, चेकॉव्हचं ‘द सीगल’ आणि १९४० चं ‘देअर शॅल बी नो नाइट’ अशा एकापाठोपाठ एक नाटकांत ग्रीनस्ट्रीट त्यांच्याबरोबर होता. ‘फाल्कन’मध्ये गटमन आणि गुप्तहेर सॅम स्पेड बोलतात ते प्रसंग नीट ऐका. स्पेड झालेला हम्फ्री बोगार्ट तोडून टाकल्यासारखं बोलतो. ग्रीनस्ट्रीट मधेच घशातल्या घशात हसतो, स्वतःच्याच वाक्यावर खूश होतो आणि लगेच पुढचं वाक्य सरकवतो. लंट यांच्या तालमीत घोटलेली लय इथे कामी आली, असं मला तरी वाटतं.

बरं, सिनेमानं त्याला नेमकं तेव्हाच का उचललं? ‘फाल्कन’ ज्या कादंबरीवरून निघाला ती डॅशिएल हॅमेटची कादंबरी १९३० ची. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओनं तिच्यावर आधीच दोन चित्रपट काढले होते, १९३१ आणि १९३६ मध्ये. दुसऱ्यात तर गटमनची बाई करून टाकली होती. तिसऱ्यांदा ती दिली जॉन ह्यूस्टन नावाच्या पटकथाकाराला, दिग्दर्शक म्हणून पहिला प्रयत्न करायला. खर्च बेताचा. पडद्यावर न दिसलेला चेहरा घेण्याचं धाडस अशाच चित्रपटात परवडतं. ह्यूस्टन आणि छायालेखक आर्थर एडिसन यांनी कॅमेरा जमिनीलगत लावून ते पोट डोंगरासारखं उभं केलं. नाटकात जे शरीर विनोदासाठी वापरलं जायचं ते इथे धाक घालायला लागलं. दिग्दर्शकाची ही करामत कबूल केलीच पाहिजे. नुसत्या अनुभवानं हे झालं नसतं.

आणि मग युद्ध. ‘फाल्कन’ ऑक्टोबर १९४१ मध्ये लागला, डिसेंबरात पर्ल हार्बर. हॉलिवूडला एकाएकी परकी शहरं, हेर, बनावट पासपोर्ट आणि कुणाच्याच बाजूचे नसलेले व्यापारी हवे झाले. त्यासाठी ग्रीनस्ट्रीट तयारच होता. १९४२ च्या ‘कासाब्लांका’त तो सिन्योर फेरारी आहे. डोक्यावर तुर्की टोपी, हातात माश्या मारायचं झोडपणं, काळ्या बाजाराचा राजा. एकूण काम काही मिनिटांचंच, पण तो माशी मारतो तेव्हा या माणसाच्या लेखी निर्वासितांची किंमत काय असेल ते न सांगता कळतं.

पीटर लॉरेबरोबर त्याचे नऊ चित्रपट झाले. लॉरे हंगेरीकडचा, जर्मन सिनेमात नाव कमावून नाझींमुळे पळालेला. बुटका, बटबटीत डोळ्यांचा, कुजबुजत बोलणारा. एक अगडबंब आणि एक चिमुकला अशी ही जोडी वॉर्नरनं इतकी चालवली की १९४४ च्या ‘द मास्क ऑफ दिमित्रिओस’मध्ये ते दोघंच जवळजवळ नायक आहेत. चरित्र अभिनेत्यांच्या वाट्याला असं क्वचितच येतं. १९४६ चा ‘द व्हर्डिक्ट’ हा डॉन सीगल यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात ग्रीनस्ट्रीट व्हिक्टोरियन काळातल्या स्कॉटलंड यार्डचा अधिकारी आहे. त्याच्या तपासामुळे एक निरपराध माणूस फासावर जातो. ज्यांना त्याच्यातला फक्त खलपुरुष माहीत आहे त्यांनी हा जरूर पाहावा.

त्याच्या सावलीची एक विचित्र गोष्ट अणुबाँबपर्यंत पोचते. अमेरिकेचा अणुबाँब जिथे बनला त्या लॉस अलामॉसमधले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्बर यांनी बाँबच्या आराखड्यांना टोपणनावं दिली. लांब नळकांड्यासारख्या आराखड्याला ‘थिन मॅन’, हे हॅमेटच्याच दुसऱ्या कादंबरीचं नाव. गोल, फुगीर आराखड्याला ‘फॅट मॅन’. ते ग्रीनस्ट्रीटच्या गटमनवरून सुचलं, असं सर्बर यांनी स्वतः सांगितलंय. ‘थिन मॅन’ मधेच सोडून दिला गेला. ‘फॅट मॅन’ ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडला.

युद्ध संपलं आणि हेरांचा बाजार थोडा उतरला. ग्रीनस्ट्रीटनं मग अमेरिकेतलेच सैतान रंगवले. १९४७ च्या ‘द हकस्टर्स’मध्ये तो साबणाचा कारखानदार आहे. जाहिरात कशी करावी हे पटवायला तो बैठकीच्या टेबलावर चक्क थुंकतो. किळस येते आणि हसूही. १९४९ च्या ‘फ्लेमिंगो रोड’मध्ये तो अमेरिकेच्या दक्षिणेतला भ्रष्ट शेरीफ आहे, जोन क्रॉफर्डच्या आयुष्याची माती करायला निघालेला. केंटचा माणूस दक्षिणी शेरीफ! उच्चार पूर्ण जमलेत असं मी म्हणणार नाही, पण समोरच्यावर नजर ठेवून गप्प बसणं मात्र अफलातून जमलंय.

तब्येत तेव्हा साथ सोडत होती. मधुमेह होता, मूत्रपिंडांचा विकारही होता. १९४९ चा ‘मलाया’ हा शेवटचा चित्रपट. आठ वर्षांत चोवीस चित्रपट, आणि संपला. गोष्ट जपानच्या ताब्यातल्या मलायातून रबर पळवून आणण्याची. चहाच्या मळ्यावरून परतलेल्या पोराची कारकीर्द शेवटी पुन्हा पूर्वेकडच्या मळ्यांपाशी येऊन थांबली, तीही स्टुडिओत उभारलेल्या.

एक काम मात्र उरलं होतं. १९५० च्या ऑक्टोबरपासून १९५१ च्या एप्रिलपर्यंत एनबीसी रेडिओवर त्यानं लेखक रेक्स स्टाउटचा गुप्तहेर निरो वुल्फ साकारला. वुल्फ प्रचंड लठ्ठ, घराबाहेर न पडणारा, ऑर्किड वाढवणारा आणि बिअरचा शौकीन. मदतनीस आर्ची गुडविनचा नट त्या एका हंगामात पुन्हा पुन्हा बदलला, वुल्फचा आवाज तोच राहिला. १८ जानेवारी १९५४ ला, ७४ व्या वर्षी ग्रीनस्ट्रीट हॉलिवूडमध्ये वारला. त्या रेडिओ नाटिका आजही ऐकायला मिळतात. एखादी लावा आणि डोळे मिटून ऐका. पोट दिसत नाही, पण तेच घशातलं हसू, आणि वाक्य सुरू व्हायच्या आधीचा तो लांब श्वास.